वामनच्या हाकेला ओ

सौंसरच्या बाजारातून लोधीखेड्याच्या रस्त्याला लागलं की निंबाखाली गुलाब सोमकुवरचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, हवा भरायचा पंप आणि पंक्चर पाहायला पाण्यानं भरलेलं एक घमेलं. पण त्या दुकानात हाताला जे लागेल त्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पान्याला ट्यूब, पेचकसाला ट्यूब, पंपाच्या दांड्याला ट्यूब. घरी सरकारी योजनेतला एक बल्ब लागला होता, त्याच्या बटनावर तर गुलाबनं ट्यूबचं टोपडंच बसवलं होतं. आणि ते टोपडंसुद्धा तो बोटानं दाबत नसे, लाटण्याच्या टोकानं दाबत असे.

"गुलाब, उद्या बायको केली तं तिलेही ट्यूब गुंडाळशील का गा?" गिऱ्हाईक विचारी.

"थेच पाहून पोरी नाई म्हणून राहिल्या," गुलाब म्हणे आणि घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत बसे.

भेव त्याच्या अंगातच होतं. आभाळ गडगडलं की तो बाजेखाली जाई. कुत्रं दिसलं की वाट बदले. पंचविशीतला गडी, पंप मारून मारून दंडाला बेटकुळ्या आलेल्या, पण शिंगं रंगवलेला पोळ्याचा बैल जवळून गेला तर भिंतीला पाठ लावून उभा राही. वस्तीतली पोट्टी मुद्दाम त्याच्या मागं जाऊन टिकल्या फोडत. सगळं हसण्यावारी जाई. पंच्याऐंशी सालच्या चैतानंतर मात्र त्या ट्यूबच्या पट्ट्यांवर कोणी हसलं नाही.

थोरला भाऊ वामन अगदीच वेगळा. संत्र्याच्या हंगामात बागेवर पेट्या ठोकायचा आणि बाकीचं वर्ष गायचा. जयंतीचे दिवस आले की रामाकोना, पांढुर्णा, कुठून कुठून बोलावणी यायची. सवाल-जवाबाच्या गाण्यात दोघा भावांची जोडी होती. वामन उभ्यानं सवाल टाकी, गुलाब बसल्या जागेवरून जवाब देई. माइक कायम वामनच्या हातात. गुलाबची पाळी आली की वामन वाकून माइक त्याच्या तोंडापुढं नेई, कारण गुलाब त्या लोखंडी दांडक्याला हात लावत नसे. बाहेरगावच्या लोकांना वाटे, ही या भावांची गाण्यातली ऐट आहे.

एक गाणं वामननं स्वतः जुळवलं होतं. मिरवणुकीत पुढं चाललेला माणूस अंधारात मागच्याला हाका मारतो आणि मागचा ओ देतो, असं ते गाणं.

कोन हाये रे मांगं? — मी हाव गा मांगं.
हातात काय रे तुह्या? — दिवा हाये गा माह्या.
वाट अंधारी, येशील का? — येतो गा, भेत नाई.
चाल मंग भाऊ, चाल रे! — आलो गा भाऊ, आलो.

"भेत नाई" आलं की वस्तीतले लोक गुलाबकडे पाहून हसत. वामनला ते ठाऊक होतं, म्हणून तो सवाल दोनदा टाकी आणि गुलाबकडून ती ओळ दोनदा वदवून घेई.

हे गाणं कॅसेटीत भरायचं वामनच्या मनानं घेतलं. बस स्टँडजवळ भिवाजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तो कॅसेटी भरून द्यायचा. वामन आपला नागपूरहून आणलेला टेप घेऊन तिथं गेला. त्या दिवशी आभाळ आलं होतं, म्हणून गुलाब घरून निघालाच नाही. वामननं वाट पाहिली आणि शेवटी बाजाच्या पेटीवर एकट्यानंच गाणं म्हटलं. सवाल गायला आणि जवाबाच्या जागा रिकाम्या सोडल्या. "गुलाब येईन तवा भरू," तो भिवाजीला म्हणाला.

ते भरायचं राहून गेलं. त्याच चैतात घाटाखालच्या एका गावी कार्यक्रम होता. दुपारी अवकाळी पाऊस येऊन गेलेला, मंडप ओला, खाली गवतावर पाणी. वामननं माइक हातात घेतला आणि पहिला सवाल टाकायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. लोकांना वाटलं, सूर लावून राहिला. गुलाब हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता, आपल्या पाळीची वाट पाहत. कोणीतरी 'करंट, करंट' ओरडत मंडपाची बल्ली उपसून माइक उडवला तेव्हा वामन आडवा झाला, आणि पुन्हा उठला नाही.

घरात उरली माय कलाबाई, वामनची बायको प्रेमलता, चार वर्षांची पोरगी उषी आणि गुलाब. आणि ती कॅसेट.

पावसाळाभर टेपाला कोणी हात लावला नाही. कापूस वेचायला आला तेव्हा एका सांजेला प्रेमलतानं तो काढला, पदरानं पुसला आणि कॅसेट लावली. वामनचा आवाज घरात आला. चुलीपुढं बसलेली माय तशीच बसून राहिली.

"कोन हाये रे मांगं?"

मग नुसता सूंऽऽ असा टेप फिरल्याचा आवाज. जवाबाएवढी जागा. आणि ती जागा सरली की वामन पुढचा सवाल टाकी, जसं काही कोणी त्याला मागून उत्तर दिलं आणि ते त्याला एकट्यालाच ऐकू आलं. गुलाब दारात उभा होता. प्रत्येक रिकाम्या जागेत त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

प्रेमलता मग रोजच टेप लावू लागली. उषी समोर फतकल मारून बसे. आठ-पंधरा दिवसांत पोरीला गाणं पाठ झालं आणि एका सांजेला ती मधल्या जागा भरू लागली. बाप विचारी, "कोन हाये रे मांगं?" लेक म्हणे, "मी हाव गा मांगं." कलाबाई कितीतरी महिन्यांनी हसली. गाणं शेवटाला आलं. "चाल मंग भाऊ, चाल रे!" वामन म्हणाला.

"आली गा बाबा, आली," उषी म्हणाली आणि उठून टेपाच्या जाळीला दोन्ही हातांनी बिलगली.

मायच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ घरभर झाले.

तिकडच्या गावांत लेकराला नीट चालता येत नाही तोच एक गोष्ट शिकवतात. झाकट पडून अंधारल्यावर कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतो. दुसरं काही असेल तर दोनावर थांबतं. आणि मेलेल्याच्या आवाजाला तर ओ द्यायचीच नाही, हाक कितवीही असो. ओ दिली की जावं लागतं.

ही वस्ती बौद्धांची. घरातले देव कन्हान नदीत सोडून यांना एक पिढी होऊन गेली होती. भूतखेत काही नसतं हे विहारात दर जयंतीला सांगितलं जाई, आणि टाळी वाजवायला कलाबाई पुढच्या रांगेत असे. त्यामुळं जे मनात आलं ते तिला तोंडानं बोलता येईना. ती तांदूळ गोळा करत एवढंच म्हणाली, "पोरीले थंडी लागन. टेप बंद कर, प्रेमलता."

टेप कपड्यांच्या पेटीत गेला. पण गाणं पोरीच्या डोक्यात होतं. दिवेलागणीला ती उंबऱ्यावर उभी राही, बापाचा सवाल जाड आवाज काढून स्वतःच म्हणे, टेपात जेवढी जागा होती तेवढी थांबे आणि मग अंधाराकडं तोंड करून ओ देई. "आली गा बाबा, आली." गुलाब दुकान बंद करून येताना गल्लीच्या तोंडाशी ते ऐके आणि त्याचे पाय तिथंच रोवले जात.

त्यात पोरीला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मलेरिया सांगितला, गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. तापात पोरगी कूस बदलायची आणि पुटपुटायची. काय पुटपुटते ते तिघांनाही ऐकू येत होतं आणि तिघांपैकी कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.

"थे कॅसेट कन्हानात टाकून ये," माय गुलाबला म्हणाली, बाहेर निंबाखाली येऊन, हळूच.

प्रेमलतानं घरातून ऐकलं. "कॅसेट जाईन तं मीबी जाईन," ती आतूनच म्हणाली. "एवढाच आवाज उरला हाये त्यायचा. बाकी काय हाये या घरात?"

दुसऱ्या दिवशी गुलाब दुकानात एक ट्यूब पाण्यात दाबून बसला होता. भोकातून बुडबुडे निघत होते. भोक आहे म्हणून हवा जाते, तो रोज पाहत होता तेच पाहत होता. एकदम त्याला सुचलं, की पोरगी ओ देते कारण जागा रिकामी आहे. जागा भरली तर ती कायले बोलेल? भरलेल्या गाण्यात मधातच कोण तोंड घालते? त्याला बरं वाटलं. पण ती जागा कोणाची होती हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

तरी तो प्रेमलताकडून कॅसेट मागून घेऊन भिवाजीकडं गेला. भिवाजी पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलण्यात तिरपा.

"भिवाजी भाऊ, वामनच्या कॅसेटीतले जवाब भरायचे राहिले ना. आता भरता येते का?"

"येते. दोन टेप एकमेकाले जोडा लागते." भिवाजीनं समोरचे दोन डबे पुढं ओढून दाखवलं. "हा समज वामनचा टेप, गाणं म्हणते. त्याचा आवाज वायरीतून ह्या माह्या टेपात जाते. मधातच तुह्या माइकची वायर येऊन भेटते. माह्या टेपात दुसरी कॅसेट. तिच्यात दोघायचा आवाज सोबत बसते."

"माइक हातात धरा लागन?"

"नाई तं काय पायात धरतं?"

गुलाब दुकानाच्या फळीला टेकला. "आन् वामनचं पुसलं गेलं तं? चुकीचं बटन दाबलं गेलं तं?"

"आण इकडे." भिवाजीनं कॅसेट घेतली आणि तिच्या पाठीवरची प्लास्टिकची चिपटी पेचकसाच्या टोकानं मोडून टाकली. "आता हिच्यावर भरताच येत नाई. बटनच खाली जाणार नाई. झालं समाधान?"

"सेलवर चालते का दोन्ही टेप? बिजलीच्या लाइनवर नको."

भिवाजी काहीतरी तिरपं बोलणार होता, पण त्याला घाटाखालचा मंडप आठवला असावा. "चालते," तो म्हणाला. "धड नाई चालत, पण चालते."

बस स्टँडवर गाड्यांचे हॉर्न, म्हणून काम घरीच करायचं ठरलं. एका दुपारी भिवाजी टेप पिशवीत घालून सायकलवर आला. प्रेमलता उषीला घेऊन विहाराच्या ओट्यावर जाऊन बसली. भिवाजीनं बाजेवर दोन्ही टेप शेजारी शेजारी ठेवले, मधे आपली तीन तोंडाची वायर लावली आणि एक छोटं कानात घालायचं बोंडूक गुलाबच्या हाती दिलं.

"हे कायले?"

"वायर खुपसली की टेपाचा भोंगा बंद होते. बाहेर कायच ऐकू येत नाई. वामन फक्त तुह्या कानात बोलन."

हे ऐकून गुलाबनं ते बोंडूक इंगळी हाती आल्यासारखं धरलं. कानात घातलं. भिवाजीनं बटनं दाबली.

पेटीचे सूर आले, ओळखीचे. मग वामन. पण तो वामन नव्हता. प्रेमलतानं पंधरा दिवस रोज टेप वाजवून सेल उतरलेले होते, आणि आता दोन टेप जोडल्यावर ते आणखीच बसले. आवाज जाड, जड, पाय ओढत आल्यासारखा. "कोऽऽन हाऽऽये रेऽऽ मांऽऽगंऽऽ." मातीखालून कोणी तोंडात माती असताना बोलावं तसा. गुलाबनं कानातलं उपटून फेकलं, बाज ओलांडली आणि अनवाणी गल्लीत पळत सुटला. विहारापाशी प्रेमलतानं त्याला पाहिलं. तो पिंपळाच्या पाराला धरून ओकत होता.

भिवाजी मागून सायकल घेऊन आला. "सेल, लेका, सेल. उतरलेला सेल टेप हळू फिरवते. हळू फिरला की आवाज जाड होते. दुसरं कायबी नाई."

"नवे सेल टाका."

"नव्यावर घाईत पळते, जुन्यावर पाय ओढते. मधात तुहा जवाब कोठी बसवू मी? लाइनवरच करा लागन. दिव्याच्या होल्डरातून काढतो मी लाइन." तो जरा थांबला. "पाह्य बाप्पा. तुही मर्जी."

गुलाब घरी आला तेव्हा माय उंबऱ्यावर बसली होती. तिला सगळं कळलं होतं. गल्लीत काहीच लपत नाही.

"माइक धरशील?" ती म्हणाली.

"हाव."

"लाइनवरचा."

"हाव."

"एक लेक माहा माइक धरून गेला. दुसरा माइक धरून त्यालेच 'आलो' म्हणन. आन् म्या चुलीपाशी बसून पाह्याचं?"

"आपण मानत नाई ना माय थे."

"नाई मानत."

"मंग?"

"मानत नाई म्हून काय हात घालाचा का त्यात? करंटबी दिसत नाई."

आतून उषीच्या खोकण्याचा आवाज आला. तो खाली बसला आणि अंगठ्यानं जमिनीची माती उकरू लागला. "मी नाई म्हटलं तं उषी म्हणते, माय. रोज म्हणते. तुले ऐकू येते, मलेबी येते."

माय उठून आत गेली. जाता जाता म्हणाली, "शब्द बदल. 'आलो' नको म्हणू."

गुलाबनं हे भिवाजीला सांगितलं. भिवाजी म्हणाला, "'पंक्चर काढून येतो' म्हण. लवकर तं नाई बोलावणार." पण प्रेमलता ऐकेना. "त्यायनं जुळवलं तसंच राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "पोरीले अक्षर न् अक्षर पाठ हाये. तुमी चुकले तं थे सुधरवन, आन् बरोबर तेच म्हणन." हे खरं होतं. पोरगी चूक सहन करणाऱ्यातली नव्हती, त्यात ती बापावर गेली होती.

ठरलेल्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. गुलाबनं सकाळपासून तीनदा बाहेर येऊन पाहिलं, एखादा ढग दिसला तर बरं, या आशेनं. ढग नव्हता. त्यानं दुकानातून ट्यूबा आणल्या. माइकच्या दांड्याला वरच्या जाळीपर्यंत पट्टी गुंडाळली, त्यावर दुसरी. सायकलीचे टायर एकावर एक रचून त्यावर बसायला जागा केली. पायात रबरी चपला, हातांच्या मनगटांनाही पट्ट्या.

"कानाले बाकी ठेवलं," भिवाजी म्हणाला.

गुलाबनं कानात घालायच्या बोंडकाकडं पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला.

"काय होत नाई गा त्यानं," भिवाजी घाईनं म्हणाला. "मीच येडा. बस."

बल्ब काढून भिवाजीनं होल्डरात लाकडी खुंटीसारखं काहीतरी बसवलं आणि तिथून दोन वायरी खाली सोडल्या. घरात दुपारचा उजेड कौलातून येत होता. प्रेमलता पोरीला घेऊन पुन्हा विहाराकडं गेली होती. माय म्हणाली होती, मी थांबत नाही. पण ती उंबऱ्यावरच बसली, घराकडं पाठ करून, मांडीत तूर निवडायचं सूप घेऊन.

भिवाजीनं टेप लावले. दोन्ही टेपांचे लाल दिवे लागले. "माइक घे."

गुलाबचा हात गेला आणि अर्ध्यात थांबला. बोटं मिटून घेतली, पुन्हा उघडली. मग त्यानं डोळे मिटले आणि कडुनिंबाचा काढा घ्यावा तसा माइक घेतला. काही झालं नाही. रबर थंड होतं. तळहाताला घाम फुटला आणि घामानं करंट लागते हे आठवून त्याला आणखी घाम फुटला. भिवाजीनं बोटानं खूण केली.

पेटी वाजली. या खेपेला सूर बरोबर होते. आणि मग वामन, वामनच, पेट्या ठोकून आलेला, विडीनं जरा खरखरलेला, त्याच्या उजव्या कानात.

"कोन हाये रे मांगं?"

"मी हाव गा मांगं," गुलाब म्हणाला.

उंबऱ्यावर मायचा हात तुरीत थांबला. तिला वामन ऐकू येत नव्हता. भिवाजीलाही येत नव्हता. घरात सूंऽऽ सुद्धा नव्हतं, नुसती शांतता, आणि त्या शांततेला गुलाब उत्तर देत होता. थांबून, कान देऊन, पुन्हा उत्तर.

"दिवा हाये गा माह्या."

भिवाजीनं पाहिलं, गुलाबच्या मांड्या थरथरत होत्या आणि खालचे टायर किचकिच करत होते. आता हे टायरही कॅसेटीत जातील, असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं टेप थांबवला नाही.

"वाट अंधारी, येशील का?" कानात वामन म्हणाला.

"येतो गा, भेत नाई."

आवाज फाटला. आजवर शेकडो लोकांपुढं त्यानं ही ओळ म्हटली होती आणि लोक हसले होते. आता कोणी हसणारं नव्हतं. पुढं काय आहे ते त्याला ठाऊक होतं, तरी तो विसरला होता. वामननं एकट्यानं गातानाही तो सवाल दोनदाच टाकला होता. भावाला चिडवायची ती जुनी खोड.

"वाट अंधारी, येशील का?"

ही दुसरी हाक होती. गुलाबनं कसंबसं म्हटलं, "येतो गा. भेत नाई." पेटीनं एक वळण घेतलं. आता शेवटची.

"चाल मंग भाऊ, चाल रे!"

गुलाबनं तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. कानात सूंऽऽ चालू झालं, जवाबाएवढी जागा फिरू लागली, सरू लागली. भिवाजी हात हलवून खुणा करत होता. गुलाबला तो दिसत नव्हता. त्याला मंडप दिसत होता आणि मंडपात तोंड उघडं ठेवून उभा असलेला भाऊ.

उंबऱ्यावरचं सूप बाजूला झालं. माय उठली. तिच्या कानात काही नव्हतं, पण गाणं तिला पाठ होतं, जागाही पाठ होती. कुठं सुरू होते आणि किती लांब आहे ते ती रोज दिवेलागणीला मोजत आली होती. दोन पावलांत ती टायरांपाशी आली. गुलाबच्या मुठीवर मूठ ठेवून तिनं माइक आपल्या तोंडाकडं ओढला. तिचा अंगठा पट्टीच्या वर गेला होता, उघड्या जाळीवर.

"आली गा वामन," ती म्हणाली. "आली."

सुरात नव्हतं ते. शेतातल्या माणसाला जेवायला बोलावल्यावर तो बांधावरून जसा आवाज देतो, तसं. गुलाबचे डोळे तिच्या अंगठ्यावर खिळले होते. आता हिचं तोंड उघडं राहील, आता बल्ली कुठून आणू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिनं माइक सोडला आणि लुगड्याला हात पुसला.

"बंद करा आता थे," ती भिवाजीला म्हणाली. "भाकरी टाकाच्या हाये."

भिवाजी वायरी गुंडाळू लागला. मग त्यानं बल्ब पुन्हा होल्डरात लावला.

सांजेला नवी कॅसेट लावली. उषी समोर बसली, ताप नव्हता त्या दिवशी. वामननं विचारलं, "कोन हाये रे मांगं?" पोरीनं तोंड उघडलं आणि तिच्याआधी काकाचा आवाज आला. ती चपापली. पुढच्या जागेला तिनं पुन्हा तयारी केली, पुन्हा काका. मग ती तोंड मिटून ऐकू लागली. काकाच्या आवाजामागं किचकिच ऐकू आली तेव्हा ती हसली. शेवटचा सवाल आला, आणि म्हाताऱ्या आवाजात ओ आली.

उषीनं वळून पाहिलं. आजी चुलीपाशी होती.

"आजी, तू तं 'आली' म्हणली बाबाले."

"म्हणली."

"गेली तं नाई. अठीच हाये."

"आली म्हटलं म्या," कलाबाई भाकरी उलटवत म्हणाली. "कवा, थे कोठी सांगितलं?"

पोरीला ते पटलं. ती पुढं गाणं ऐकायची, पण भरलेल्या गाण्यात तोंड घालायचं तिला कारण राहिलं नाही. उंबऱ्यावर उभं राहणं थांबलं. ताप डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरला की आणखी कशानं, यावर त्या घरात कोणी वाद घातला नाही.

गुलाबचं भेव मात्र गेलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली. आधी ते उषीपाशी होतं, आता मायपाशी आलं. ती खोकली की तो ताटावरून उठे. ती कापूस वेचायला गेली आणि यायला उशीर झाला की दुकान उघडं टाकून बांधापर्यंत जाई. ती झोपली की तिच्या पोटावरचं लुगडं वरखाली होतं का ते पाही. दोन वर्षं झाली, तीन झाली, मायला काही झालं नाही. हिंडत होती, भांडत होती, विहारात पुढच्या रांगेत बसून टाळी वाजवत होती.

एक दिवस ती भर दुपारी घरी आली तर गुलाब तिच्या बाजेखाली वाकलेला. बाजेच्या चारही पायांखाली त्यानं जाड टायरचे तुकडे कापून घातले होते आणि पाय हलवून पाहत होता, डगमगते का.

"हे कायले?" तिनं विचारलं.

गुलाब बाहेर आला, गुडघे झटकले. "असू दे," तो म्हणाला.

कलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग बाजेकडं. ती बाजेवर बसली, पाय वर घेतले, जमिनीला लागू दिले नाहीत, आणि आडवी झाली.